आबांचा पास

केतकी डुबलने वीस वर्षांत तेवीस हजार सुटे भाग काढले होते. त्यांतले खरोखर नवे फक्त नऊशे अकरा आणि बाकी साऱ्या नकला, असं एका मंगळवारी सकाळी यंत्राने तिला तोंडावर सुनावलं. केतकी मोठ्याने हसली. तिचा स्वतःचा अंदाज सातशेचा होता.

कराडजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'निर्धार ट्रेलर्स'मध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. ट्रॅक्टर आता बिनड्रायव्हरचे झाले होते, विजेवर पळत होते, पण ट्रॉली घेणारा माणूस होता तसाच होता. त्याला शेजाऱ्यासारखीच ट्रॉली हवी असे, फक्त थोडी वेगळी. कुणाला कडेचा फाळका चार बोटं उंच, कुणाला चाक मोठं, कुणाला आल्याच्या पोत्यांसाठी लांबी जास्त. हे प्रत्येक 'थोडं वेगळं' केतकीच्या टेबलावर येऊन पडे. मग केतकी काय करी? जे सगळे ड्राफ्ट्समन करतात तेच. जुनी फाइल उघडायची, दुसऱ्या नावाने साठवायची, दोन मापं बदलायची आणि छापून खाली कारखान्याच्या शॉपमध्ये पाठवायची. तिच्या संगणकात 'हँगर नवा', 'हँगर नवा फायनल' आणि 'हँगर फायनल खरंच' ही भावंडं गुण्यागोविंदाने नांदत होती, आणि त्यांचे आईबाप कोण हे खुद्द केतकीलाही सांगता आलं नसतं.

ते सांगायला 'वंशवेल' ही संगणकप्रणाली आली होती. यंदापासून नियमच निघाला होता की रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर तिच्या भागांची वंशावळ द्यायची. कुठला भाग कशावरून आला, बदल कुणी केला, कधी केला, सगळं नावानिशी. हाताने हे काम करायला तीन जन्म लागले असते. वंशवेल ते आठवड्यात करत होती.

ती फाइलच्या नावाकडे ढुंकूनही बघत नसे. संगणकात एखादी पट्टी काढली, की तिच्या प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाला आतल्या आत एक क्रमांक मिळतो. तो कुणाला दिसत नाही. पट्टीची नक्कल करा, नाव बदला, लांबी दुप्पट करा, मूळ कडांचे क्रमांक तेच राहतात. एखाद्या घराण्यात बाकदार नाक पाच पिढ्या चालावं तसं ते चालतं. वंशवेल ही नाकं ओळखे. मग एका कुळातले भाग शेजारी शेजारी मांडून ती म्हणे, हे चाळीस खरं तर एकच आहेत, फरक फक्त लांबीचा. एक आई ठेवू, तिला लांबीचा तक्ता जोडू, बाकीचे विलीन करू. केतकीने 'विलीन' दाबलं की चाळीस फायली जाऊन एक उरे. माळा झाडताना वाटतं तसं तिला बरं वाटत होतं.

अकराच्या सुमारास हँगरचं कुळ आलं. हँगर म्हणजे ट्रॉलीच्या सांगाड्याखाली वेल्ड केलेली जाड पट्टी. तिच्यावर चाकांवरचा स्प्रिंगचा पाटा टांगलेला असतो आणि पाट्यावर सगळा भार. डावीकडे एक, उजवीकडे एक. कुळात तीनशे चाळीस हँगर होते. दोनशे एकोणऐंशींवर वंशवेलीने हिरवी खूण केली. उरलेल्या एकसष्टांवर ती अडली.

'उजवा हँगर. एकसष्ट वंशज. आईशी तफावत एक. वेल्डची बाजू उलटी.'

केतकीने डोळे चोळले. पट्टी आतल्या बाजूने वेल्ड करायची, हे ती झोपेतही सांगू शकली असती. ट्रॉली वळणावर कलली की हँगरचं खालचं टोक बाहेर रेटलं जातं आणि वरचा सांधा आतून उघडू पाहतो. दोन पुठ्ठे चिकटपट्टीने जोडून बघा. ज्या बाजूने फट पडणार त्या बाजूला पट्टी असेल तर सांधा धरतो. पट्टी उलट बाजूला असेल तर फट आ वासते, आणि वेल्ड बिचारा मुळापासून फाटत जातो. म्हणून वेल्ड आतून. आणि इथे एकसष्ट हँगरांवर तो बाहेरून दाखवला होता.

तिने पहिला वंशज उघडला आणि चूक लगेच दिसली. डाव्या हँगरचा उजवा करायला संगणकात एकच बटण असतं, आरशाचं. ते दाबल्यावर पट्टी फिरली होती, भोकं फिरली होती, वाक फिरला होता. पण वेल्डच्या बाणावरचा चिमुकला त्रिकोण होता तिथेच राहिला होता. हा त्रिकोण रेषेखाली असला की बाण टेकतो त्या अंगाने वेल्ड मारायचा, वर असला की पलीकडून. पट्टी उलटी फिरल्याने जागचा न हललेला बाण आता तिच्या बाहेरच्या अंगाला टेकत होता, त्रिकोणही हलला नाही, आणि आतला वेल्ड बाहेर गेला. नवशिक्यांची चूक. कुणी केली ही, म्हणून तिने कपाळाला आठ्या घालत खालची ओळ वाचली.

'नक्कल करणार: केतकी डुबल. अकरा मार्च, दुपारी चार बावन्न.'

वर्ष चौदा वर्षांपूर्वीचं होतं. खाली ट्रॉलीचा क्रमांक होता, दोनशे सात.

डुबलांच्या घरात हा आकडा कुणी मोठ्याने उच्चारत नसे. दोनशे रुपयांवर सात रुपये झाले, तर तिचा नवरा विक्रांत वर तीन रुपयांची कोथिंबीर घेऊन दोनशे दहा करी.

दोनशे सात नंबरची ट्रॉली त्यांच्याच गावात गेली होती. मे महिन्यात शाळेची नवी बाकं आणायला ती कराडला आली आणि बाकं पडू नयेत म्हणून दोर धरून वर बसले ते आबा, केतकीचे सासरे. घाटात दुसऱ्याच वळणावर उजवा हँगर सांध्यातून सुटला. ट्रॉली कलंडली. आबा खाली सापडले.

तो हँगर वेल्ड केला होता आबांच्याच थोरल्या मुलाने. जोतिराम डुबल तेव्हा निर्धारचा सगळ्यात भरवशाचा वेल्डर होता. भावाची बायको डिप्लोमा झालेली आहे, तिला घ्या, असं मालकांना सांगून केतकीला इथे चिकटवणाराही तोच. चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी हँगरचं ड्रॉइंग मागितलं आणि केतकीने ते काढून दिलं. मूळ कागद, आईचा. त्यावर एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'डावा दाखवल्याप्रमाणे, उजवा आरशातला', आणि वेल्ड स्वच्छ आतून दाखवला होता. तुटलेल्या हँगरवर तो बाहेरून होता. साहेबांनी चष्मा काढून निकाल दिला की वेल्डरने पट्टी उलटवायचा कंटाळा केला.

"माझ्या कागदावर भाईरनंच हुतं," जोतिराम सांगत राहिला. पण शॉपमध्ये कागद दोन दिवस टिकत नाही. त्याने कुणीतरी हात पुसतं, कुणीतरी भजी बांधून नेतं. साहेबांनी केतकीला विचारलं, उजव्याचा वेगळा कागद दिला होता का? नाही, असं केतकीने सांगितलं होतं. खोटं बोलायचं म्हणून सांगितलं नव्हतं. दिवसाला चाळीस कागद निघत. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून घाईघाईत काढलेला एक आरसा दोन महिन्यांनी तिच्या डोक्यात उरलाच नव्हता.

विक्रांतने मग थोरल्या भावाचं तोंड बघितलं नाही. घर दुभंगलं. जोतिरामने वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला तो परत उचलला नाही.

आणि हे सगळं तिने केलं होतं. चार बावन्नला. चहा यायच्या आधी.

*

ती जिना उतरून शॉपमध्ये आली. तिथे चार यंत्रमानव खाली मान घालून ठिणग्या उडवत होते आणि यासीनभाई स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत होते. शॉपमधले शेवटचे वेल्डर ते. यंत्रांना तार कमी पडली तर घालायची एवढंच काम त्यांना उरलं होतं, आणि त्याची त्यांना मनस्वी लाज वाटे.

"यासीनभाई, एक विचारू? उजव्या हँगरला तुम्ही वेल्ड कुठून मारत होता?"

"दोन्हीकडनं."

"कागदावर एकाच बाजूने असतो."

यासीनभाईंनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "ताई, कागद तुमचा, पास आमचा. जोत्या गेल्यावर आम्ही पोरांनी ठरवलं. कागद काय बी म्हणूं दे, उजव्या हँगरला आतनं भाईरनं दोन्हीकडनं मारायचं. एक पास जास्तीचा, म्हंजी वेल्डची एक फेरी वर. आबांचा पास म्हणायचो आम्ही त्याला. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी शिकवायचं, आबांचा पास मारल्याशिवाय उजवा हँगर सोडायचा नाही."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्हाला कसं सांगणार? सासरे तुमचे."

केतकी तिथेच लोखंडाच्या थप्पीवर बसली. आता सगळं लख्ख दिसत होतं. अपघातानंतर दोन वर्षं मूळ कागदच चालला. मग नव्या मॉडेलला उजवा हँगर हवा होता, तेव्हा तिनेच जुना साठा उपसून 'हँगर उजवा' नावाची फाइल उचलली आणि तिची नक्कल केली. मग नकलेची नक्कल. असे एकसष्ट वंशज झाले, सगळे उलट्या त्रिकोणाचे, आणि एकही हँगर तुटला नाही, कारण खाली शॉपमध्ये कागदाकडे बघायची कुणाला गरजच नव्हती. दोन्हीकडून मारायचंच आहे, मग त्रिकोण कुठे आहे ते कोण बघतो? ज्या माणसाला तिच्या चुकीने मारलं, त्याच्याच नावाचा पास ती चूक अकरा वर्षं सावरत होता.

मग तिच्या मनात दुसरा प्रश्न आला.

"हे यंत्रमानव कधी आले, यासीनभाई?"

"दिवाळी झाली की वरीस हुईल."

"ते आबांचा पास मारतात?"

यासीनभाई हसणार होते. तेवढ्यात त्यांना तिचा चेहरा दिसला.

"ते कागदावर आहे तेवढंच मारत्यात, ताई."

*

त्रेसष्ट ट्रॉल्या. वंशवेलीने तो आकडा डोळ्याची पापणी लवायच्या आत दिला. यंत्रमानव आल्यापासून उलट्या कागदावरून बनलेल्या, बाहेरूनच वेल्ड केलेल्या त्रेसष्ट ट्रॉल्या रस्त्यावर होत्या, आणि त्यातल्या एकोणीस घाटातल्या गावांत.

मालक समरजित तिशीचा होता. वडिलांच्या जागेवर बसून त्याला दोन वर्षं झाली होती. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि केतकीला वाटलं त्यापेक्षा तो बराच समजूतदार निघाला. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मॅडम, बसा. पाणी घ्या. हे बघा, चूक कुणाकडूनही होते. आता पुढचं बघू. तुम्ही ते एकसष्ट विलीन करून टाका. आईचा त्रिकोण बरोबर आहे, म्हणजे उद्यापासून यंत्रमानव आतून वेल्ड मारतील. विषय संपला. आणि त्या त्रेसष्ट ट्रॉल्यांसाठी आपण मोफत सर्व्हिस कॅम्प लावू. दसऱ्याच्या निमित्ताने. पंधरा दिवसांत सगळ्या आणून, गुपचूप एक पास मारून परत."

"पंधरा दिवस त्या चालू राहतील."

"अकरा महिने चालल्याच ना?"

"लाल सूचना पाठवली तर आज थांबतील." ते खरं होतं. कारखान्याने लाल सूचना दिली की ट्रॅक्टर त्या ट्रॉलीला जोडूनच घेत नसे, नुसता उभा राही. पण लाल सूचनेला कारण द्यावं लागे, आणि कारणाखाली बदल करणाऱ्याचं नाव.

"लाल सूचना दिली तर जुनी चौकशी उघडेल," समरजित म्हणाला. "तुमचं नाव येईल. तुमचा परवाना जाईल, केससुद्धा होईल. चौदा वर्षांनी कुणासाठी? गेलेला माणूस परत येणार आहे का?"

केतकी उत्तर द्यायला गेली आणि तिच्या लक्षात आलं, की हा शहाणा मुलगा म्हणतो त्यात तसं काही खोट नाही. पंधरा दिवस देवावर हवाला ठेवला तर ट्रॉल्या दुरुस्त होतील. कागद दुरुस्त होईल. 'विलीन' दाबलं की अकरा मार्चची फाइल पुसली जाईल, आणि तो कागद कधी होता याला जगात पुरावा उरणार नाही. कुणाचंच काही बिघडणार नाही. बिघडणार ते फक्त एका माणसाचं, आणि त्याचं बिघडायचं ते सगळं आधीच बिघडून गेलं होतं.

या विचाराची तिला इतकी शिसारी आली की ती उठूनच उभी राहिली.

"मी लाल सूचना पाठवतेय," ती म्हणाली. "माझ्या नावाने."

टेबलावर येऊन तिने आधी अकरा मार्चची फाइल छापून घेतली. मग सूचना पाठवली.

*

संध्याकाळी विक्रांतला सांगताना तिने शब्द शोधले नाहीत. कागद समोर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. विक्रांत जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे दादा खरं बोलत होता."

"हो."

"चौकशी व्हायच्या आधीच, नुसता त्याचा वेल्ड सुटला म्हणून मी त्याला आबांच्या चितेपाशी उभं राहू दिलं नाही, केतकी. थोरला मुलगा तो. मी सगळ्यांदेखत त्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

विक्रांतने हात धुतला. तो तिच्यावर ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, घरात कुणी परकं माणूस शिरल्यासारखा. मग म्हणाला, "उद्या तूच जा. मला त्याच्यासमोर तोंड नाही."

*

जोतीदादा गावाबाहेरच्या रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायचं काम करत. केतकी पोचली तेव्हा पोत्यावर बसून ते एका कोवळ्या फांदीला पट्टी गुंडाळत होते. केस पार पांढरे झाले होते. ही बाई आपल्याकडे का आली, याचं आश्चर्य त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"आलीस व्हय? बस. इक्रांत बरा हाय न्हवं?"

केतकीला बसवेना. तिने कागद पुढे केला. दादांनी हात सदऱ्याला पुसले, पण कागद घेतला नाही. लांबूनच बघितलं. मग वाकून बघितलं. मग त्यांचं बोट हळूहळू त्या त्रिकोणावर येऊन थांबलं.

"ह्यो कुठनं आणलास?"

"माझ्याकडेच होता, दादा. मीच काढला होता. आरसा मारला आणि त्रिकोण फिरवायचा राहिला. तुम्हाला मिळालेला कागद हाच."

"तू तर म्हणली हुतीस, आसा कागदच न्हाई."

"म्हणाले होते. मला आठवत नव्हतं. शोधायला हवा होता, तो मी शोधला नाही. तुम्ही सांगत होता तरी शोधला नाही."

पलीकडे पाण्याचा पाइप कुंडीत वाहत होता. कुंडी भरून वाहू लागली तरी दादा उठले नाहीत.

"पयली चार वर्सं मी भांडलो," ते शेवटी म्हणाले. "मग मला सपनात कागद दिसाय लागला. कवा आतनं, कवा भाईरनं. मग मीच म्हणलं, जोत्या, तूच उलटा धरला आसशील कागद. त्या दिशी सलग दुसरी पाळी हुती, डोळं जड हुतं. तवापासनं मला तसंच आठवाय लागलं बघ. मी कागद उलटा धरलाय, ह्ये मला सोच्छ आठवतं. आज बी आठवतंय."

तिने एका माणसाकडून बाप काढून घेतला होता, भाऊ काढून घेतला होता, हे ती कालपासून मोजत होती. त्याची स्वतःची आठवणसुद्धा काढून घेतली होती, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिचा बांध फुटला. ती पाया पडायला वाकली तशी दादांनी पाय मागे घेतले.

"पाया पडू नगंस. तुजा राग यायला पायजे मला. यील तो. आज काय येईना." त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट करून बघितला. "ह्यो चुकला नव्हता तर."

"नव्हता, दादा."

"परत म्हण."

"तुमचा हात चुकला नव्हता."

बऱ्याच वेळाने तिने त्यांना त्रेसष्ट ट्रॉल्यांचं सांगितलं. तयार ट्रॉलीखाली चाक आणि पाटा आडवा येतो, तिथे यंत्रमानवाचा हात पोचत नाही, माणसालाच उताणं झोपून वेल्ड मारावा लागणार आणि यासीनभाई एकटे आहेत, हेही सांगितलं. आणि आबांच्या पासाचं सांगितलं. ते दादांना ठाऊकच नव्हतं.

"काय म्हणत्यात त्येला?"

"आबांचा पास. यंत्रमानव येईपर्यंत तेरा वर्षं. कुणीही हँगर सोडत नव्हतं त्याशिवाय."

दादांचा चेहरा वाकडातिकडा झाला. त्यांनी तो खांद्यावरच्या टॉवेलमध्ये घातला आणि तसेच बसून राहिले.

"म्हाळ कवा हाय आबांचा?" टॉवेलमधूनच त्यांनी विचारलं. पितृपंधरवडा चालू होता. थोरल्या मुलाने वाढायचं बापाचं पान चौदा वर्षं धाकटा वाढत होता.

"परवा."

"मग उद्या सकाळच्याला शॉपवर जायला गाडी लाव."

*

पहिली ट्रॉली ट्रकवर चढवून शॉपमध्ये आणली होती. घाटातल्या गावची, आतमध्ये अजून कांद्याची सालं पडलेली. समरजितने केतकीशी बोलणं सोडलं होतं. चौकशीचं पत्र आलं होतं आणि महिनाअखेर तिला टेबल रिकामं करायचं होतं. यंत्रमानव बंद ठेवले होते. विक्रांत फाटकापाशी उभा होता. आत यायचं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं.

यासीनभाईंनी जोतीदादांच्या हातात होल्डर दिला आणि दुसऱ्या हातात स्वतःचा मुखवटा. दादा ट्रॉलीखाली उताणे सरकले. खालून होल्डर वर आला, हँगरपाशी पोचला आणि तिथेच थांबला. एक मिनिट झालं. दोन झाली. ठिणगी पडेना.

"केतकी," खालून हाक आली.

ती गुडघ्यांवर बसली. ट्रॉलीखालच्या अंधारात दादांनी मुखवटा वर केला होता. त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज चौदा वर्षांपूर्वी शॉपमध्ये घुमायचा तसा होता.

"कागद आणलायस न्हवं? बरोबर क्येलेला?"

"आणलाय."

"मग हितं माज्यासमोर धर. दोन्ही हातांनी धर."

तिने धरला. विक्रांत फाटक सोडून आत आला आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला. दादा त्रिकोणाकडे बघत राहिले, मग हँगरकडे, मग पुन्हा त्रिकोणाकडे.

"आजून वाईच सरळ," ते म्हणाले आणि त्यांनी मुखवटा खाली ओढला.